बारीक दाण्याचा पट्टा: विकत घ्यावा की घरी जोडावा?

पुण्याच्या रविवार पेठेतली बोहरी आळी असो की मुंबईतला नागदेवी स्ट्रीट, दुकानात जाऊन सँडिंग बेल्ट मागितला की आधी माप विचारलं जातं आणि मग नंबर. साठ, ऐंशी, एकशेवीस हे नंबर बहुतेक वेळा हाताशी असतात. चारशेसाठी माळ्यावर पाहावं लागतं. गिऱ्हाईक म्हणालं, “एक इंच रुंद, तीस इंच लांब आणि नंबर हजार,” तर दुकानदाराचा हात थांबतो. असा पट्टा कशाला हवा, हे त्याला विचारावंसं वाटतं. तो हवा असतो सुरीला धार लावायला.

पट्ट्यावर धार लावणारे लोक आता बरेच झाले आहेत. घरच्या घरी सुऱ्या घडवणारे हौशी कारागीर आहेत, हॉटेलांच्या सुऱ्या गोळा करून धार लावून परत नेऊन देणारे व्यावसायिक आहेत, सुतारकामाच्या पटाश्या पाजळणारे आहेत. दगडावर वीस मिनिटं लागणारं काम पट्ट्यावर दोन मिनिटांत होतं. अडचण शेवटच्या टप्प्याची आहे. भरड पट्टा धातू झरझर काढतो, पण धारेवर ओरखडे आणि बर, म्हणजे कडेला वळलेला धातू, ठेवून जातो. त्यापुढचं काम बारीक दाण्याचं, आणि नेमका तोच दाणा, तोही आपल्या मशिनच्या मापात, सहजासहजी मिळत नाही.

ही टंचाई कुणाच्या आळसामुळे आलेली नाही. सँडिंग बेल्ट हा मुळात कारखान्याचा माल आहे. वेल्डिंगचा सांधा सपाट करणं, प्लायवूड एका जाडीचं करणं, स्टीलच्या भांड्यांना आणि पाइपांना फिनिश देणं, हे त्याचे मोठे धंदे. या कामांना फार तर चारशे नंबरपर्यंतचा दाणा लागतो, त्यापुढे बफिंगचं चाक येतं. म्हणजे बारीक पट्ट्याला कारखान्यात गिऱ्हाईक कमी. त्यातून एक इंच रुंदीचं मशीन हे हौशी माणसाचं. अमेरिकेत सुरी घडवणाऱ्यांनी दोन इंच रुंद आणि ७२ इंच लांब पट्टा हेच आपलं प्रमाण ठरवून टाकलं, म्हणून त्या मापात तिथे चामडं, कॉर्क, फिल्म असं सगळं तयार मिळतं. भारतात असं एकच प्रमाण अजून रुळलेलं नाही, त्यामुळे मागणी दहा मापांत विखुरली आहे.

मागणी विखुरली असली तरी माल बनवण्याची परंपरा इथे जुनी आहे, आणि तिची एक मुळी थेट रायगड जिल्ह्यात जाते. ग्राइंडवेल ही घर्षकं बनवणारी कंपनी १९४१ मध्ये उरणजवळ मोरा इथे सुरू झाली. भाऊच्या धक्क्यावरून लाँच जिथे जाते तेच हे मोरा. ती पुढे ग्राइंडवेल नॉर्टन झाली. चेन्नईची कार्बोरंडम युनिव्हर्सल १९५४ ची. कार्बोरंडम हे नाव अमेरिकेतल्या एडवर्ड अॅचिसन यांनी १८९१ मध्ये विजेच्या भट्टीत तयार केलेल्या सिलिकॉन कार्बाइडचं. गॅरेजमध्ये गाडीच्या रंगकामाला वापरतात तो काळा वॉटर पेपर याच दाण्याचा असतो.

बारीक धारेची ओढ मात्र पट्ट्याहून फार जुनी आहे. जर्मनीतल्या झोलिंगन गावात सुरीच्या पात्याला शेवटचा हात देताना लाकडी चाकावर चामडं चढवत, त्यावर सरस लावून एमरीची बारीक पूड बसवत, आणि अशा चाकावर पातं इतकं तासत की त्यावर निळसर झाक येई. या कामाला तिथे ‘ब्लाउप्लीस्टेन’ म्हणतात. १८७२ पासून चालत आलेला रॉबर्ट हेर्डरचा कारखाना आपल्या काही सुऱ्यांवर ते आजही करतो. आपल्याकडे तलवारींना आणि कट्यारींना झिलई देणारे शिकलगार होते, आणि न्हावी वस्तरा दगडावर लावून झाला की चामड्याच्या पट्ट्यावर फिरवत असे. बारीक दाणा आणि चामडं ही जोडगोळी अशी सगळीकडे आपापली सापडलेली आहे. आजचा कापडी पट्टा म्हणजे त्या चाकाचंच लांब केलेलं, घडी करून ठेवता येणारं रूप.

नंबरांचा घोळ आधी सोडवायला हवा, कारण बारीक पट्ट्यावर वाया जाणारे बरेचसे पैसे या घोळात जातात. पट्ट्याच्या पाठीवर नंबराआधी ‘पी’ हे अक्षर असेल तर ते युरोपातल्या घर्षक-उत्पादकांच्या फेपा या संघटनेचं मोजमाप. पी ८० चा दाणा सरासरी २०१ मायक्रॉनचा, पी १२० चा १२५, पी २४० चा ५८.५, पी ४०० चा ३५, पी ६०० चा २५.८, पी १००० चा १८.३, पी १२०० चा १५.३ आणि पी २००० चा १०.३ मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे पी २४० लाच दाणा केसाहून बारीक झालेला असतो. अमेरिकी मोजमापात अक्षर नसतं आणि तिथला ६०० चा दाणा १६ मायक्रॉनच्या आसपास येतो, म्हणजे तो युरोपी पी १२०० चा भाऊ. जपानी पाणदगडांचं मोजमाप आणखी वेगळं. त्यांचा १००० नंबर पी १२०० पेक्षाही बारीक आहे आणि ८००० नंबर सव्वा मायक्रॉनपर्यंत खाली उतरतो. दगडावर हजार नंबर वापरणारा माणूस दुकानात जाऊन हजार नंबरचा पट्टा मागतो आणि हाती आलेला ओरखडा बघून पट्ट्याला नावं ठेवतो. पट्ट्याचा त्यात दोष नसतो. मायक्रॉन विचारावा; तेवढी एक संख्या कुठेही बदलत नाही.

आता मिळतं काय, ते पाहू. पहिला प्रकार नेहमीचा, कापडावर बसवलेला दाणा. कापडाला वजनाप्रमाणे अक्षरं आहेत. ‘एक्स’ म्हणजे जाड आणि ताठ, ‘जे’ म्हणजे हलकं आणि लवचिक. धारेच्या कामाला ‘जे’ घ्यावा, कारण तो पात्याच्या पोटाबरोबर वळतो. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा ‘जे’ पट्टा पी ४०० पर्यंत, थोडी खटपट केली तर पी ६०० पर्यंत मिळतो. त्यापुढे सिलिकॉन कार्बाइड. त्याचे कण जास्त टोकदार आणि कडक, पण ठिसूळही, म्हणून स्टीलवर तो लवकर बोथटतो.

दुसरा प्रकार रचनेच्या पट्ट्यांचा. थ्रीएम कंपनीचा ट्रायझॅक्ट हा यातला सर्वांत माहितीचा. भिंगातून पाहिलं तर त्यावर छोट्या छोट्या पिरॅमिडांची रांगोळी दिसते. प्रत्येक पिरॅमिड म्हणजे राळेत कालवलेल्या बारीक दाण्याचा एक ढीग. वरचा थर झिजला की खालचा ताजा दाणा उघडा पडतो, त्यामुळे सुरुवातीला मिळतो तसाच ओरखडा शेवटपर्यंत मिळत राहतो. त्याचे नंबर ‘ए’ या अक्षराने येतात, ए १००, ए ६५, ए ४५, ए ३०, ए १६, ए ६, आणि ही संख्या ढोबळमानाने मायक्रॉनच सांगते. ए १६ हा पी १२०० च्या जवळ जातो, ए ६ त्याच्याही बराच पुढे. किंमत साध्या पट्ट्याच्या कितीतरी पट. तरीही सुरीला धार लावणाऱ्याने एकच महागडा पट्टा घ्यायचा असेल तर तो ए १६ घ्यावा. साध्या बारीक पट्ट्याचा दाणा काही सुऱ्यांतच गुळगुळीत होतो, मग तो कापण्याऐवजी घासतो आणि धार तापवतो. ए १६ त्या वेळीही कापत असतो.

तिसरा प्रकार प्लास्टिकच्या फिल्मवरचा दाणा. ऑप्टिकल फायबरची टोकं घासायला जी लॅपिंग फिल्म लागते ती ३०, १५, ९, ३, १ मायक्रॉन अशा पायऱ्यांनी मिळते. फिल्म कापडासारखी विणलेली नसल्यामुळे तिच्यावर दाणा एका पातळीत बसतो आणि मधेच एखादा खोल ओरखडा उठत नाही. तिची उणीव अशी की ती ताणाला पक्की असली तरी कडेला एक चीर पडली की सरळ फाटत जाते. हिऱ्याचे पट्टेही आहेत. कडक पावडर स्टीलमध्ये व्हॅनेडियम कार्बाइड असतं आणि ते ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षा कठीण असतं. अशा पात्यावर साधा दाणा भोवतालचं लोखंड खरवडतो आणि कार्बाइड तसंच ठेवतो. तिथे हिरा हवा. घरातल्या नेहमीच्या स्टेनलेस सुरीला त्याची काडीचीही गरज नाही.

हे सगळं तयार मिळालं तर प्रश्न संपतोच. न मिळालं तर पुढची वाट कोणती? सगळ्यांत चांगली वाट सर्वांत कमी लोकांना माहीत असते: पट्टे जोडून देणारे. घर्षकं बनवणारे मोठे कारखाने कापड मीटरभराहून रुंद गुंडाळ्यांत काढतात. त्या गुंडाळ्या घेऊन, उभ्या चिरून, मागेल त्या लांबीला जोड मारून देणं हा वेगळाच धंदा आहे, आणि मोठ्या औद्योगिक शहरांत तो करणारे असतात. त्यांच्याकडे ‘पी ६०० चं जे कापड आहे का, २५ मिलिमीटर रुंद, ७६२ मिलिमीटर लांब असे किती नगांपासून जोडून द्याल,’ असं विचारलं की संभाषण लगेच कामाचं होतं. इंचांऐवजी मिलिमीटर सांगावेत, म्हणजे मशिनवर चढवताना पट्टा पाच मिलिमीटर आखूड निघत नाही. चारपाच जणांनी मिळून ऑर्डर दिली तर नगांची अटही सहज पुरी होते. परदेशी संकेतस्थळावरून एकेक पट्टा मागवून त्यावर टपालखर्च आणि सीमाशुल्क भरण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं.

आणि घरी बनवायचा झाला तर? इथे दोन कामं वेगळी ओळखायला हवीत. दाणा कापडावर बसवणं हे एक, आणि तयार कापडाचा पट्टा जोडणं हे दुसरं. पहिल्याच्या वाटेला जाऊ नये. कारखान्यात कापडावर राळेचा एक थर देतात, विजेच्या भाराने दाणे उभे करून त्यात रोवतात, वरून राळेचा दुसरा थर देतात आणि भट्टीत पिकवतात. अगदी बारीक दाणे तर राळेत कालवूनच पसरावे लागतात. यात कुठे काय चुकू शकतं याचा एक किस्सा थ्रीएमच्याच इतिहासात आहे. ही कंपनी १९०२ मध्ये मिनेसोटात कुरुंदाची खाण काढायला म्हणून सुरू झाली आणि जमिनीतून निघाला तो कुरुंद नव्हताच. मग त्यांनी बाहेरून दाणा आणून पॉलिश पेपर बनवायला घेतला. १९१४ मध्ये त्यांच्या कागदावरचा दाणा गिऱ्हाइकांकडे जाऊन गळू लागला. शोध घेतला तेव्हा कळलं, की स्पेनहून आलेल्या गार्नेटच्या पोत्यांवर जहाजात ऑलिव्हचं तेल सांडलं होतं. तेवढ्या तेलाने सरस धरेना. एका कारखान्याला जे इतकं महागात पडलं, ते घरच्या टेबलावर ब्रश आणि डिंक घेऊन करण्यात अर्थ नाही. वीसेक मीटर प्रतिसेकंद वेगाने पळणाऱ्या पट्ट्यावरून सुटलेला दाणा डोळ्याच्या दिशेनेही येऊ शकतो.

जोडकाम मात्र घरी नक्की जमतं, आणि इथे थोडं थांबून पाहण्यासारखं आहे.

पहिली पायरी कच्च्या मालाची. वॉटर पेपरचा नेहमीचा ताव नऊ बाय अकरा इंचांचा. वर्क शार्पसारख्या छोट्या हातमशिनला बारा इंच लांबीचा पट्टा लागतो. म्हणजे ताव सरळ कापला तर एक इंच कमी पडतो! पण तावाचा कर्ण सव्वाचौदा इंच भरतो, तेव्हा तिरकी पट्टी कापली तर अर्ध्या इंच रुंदीचा पट्टा एका जोडात निघतो. तीस इंची पट्ट्याला मात्र अकरा इंचांचे तीन तुकडे आणि तीन जोड लागतात, आणि कागदाला तेवढा ताण सोसत नाही. त्याला कापडाची किंवा फिल्मची गुंडाळीच हवी. हातानं घासायला म्हणून ‘जे’ कापडाच्या एकदोन इंच रुंद गुंडाळ्या मिळतात, त्या या कामाला उत्तम.

पट्टी नेहमी पाठीकडून कापावी, धारदार कटरने, स्टीलची पट्टी दाबून धरून. दाण्याच्या बाजूने कापायला गेलं तर दोन इंचांत पातं बोथट होतं आणि कड फाटते. दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून एकाच घावात तिरकी कापावीत, साधारण साठ अंशांत, म्हणजे दोन्हींचा कोन आपोआप जुळतो. मग दाणा खाली करून पट्टी काचेवर पालथी ठेवायची, एक लांब सरळ कड बाजूला लावायची, आणि दोन्ही टोकं अशी भिडवायची की मधे फटही नको आणि एकावर एक चढायलाही नको. पाठ स्पिरिटने पुसून कोरडी झाली की वरून पातळ पॉलिएस्टरचा तुकडा लवचिक डिंकाने चिकटवायचा आणि दोन सपाट लोखंडी पट्ट्यांत शिकंज्याने रात्रभर दाबून ठेवायचा. झटपट चिकटणारा सुपर ग्लू इथे कामाचा नाही. तो वाळून काचेसारखा होतो आणि लहान चाकाला वळसा घेताना तडकतो. पॉलियुरेथेनचा डिंक वाळल्यावरही रबरासारखा वाकतो. कारखान्यातले जोडही बहुधा त्याच जातीच्या डिंकाचे असतात.

सरळ कडेचा एवढा आग्रह का, ते पट्टा चढवल्यावर कळतं. जोडात अर्ध्या मिलिमीटरचा जरी वाकडेपणा राहिला तरी पट्टा प्रत्येक फेरीला डावी-उजवीकडे लचकत पळतो. तिरक्या जोडाचं कारणही तसंच रोकडं आहे. पाठीवरचा तुकडा ०.१ मिलिमीटर जाड धरला तर ते झाले १०० मायक्रॉन. नऊ मायक्रॉन दाण्याच्या पट्ट्यावर हा उंचवटा दाण्याच्या अकरापट. मशिनचं चाक १०० मिलिमीटर व्यासाचं आणि मोटर १,४४० फेऱ्यांची असेल तर पट्टा सेकंदाला साडेसात मीटर पळतो, म्हणजे ७६२ मिलिमीटरच्या पट्ट्याचा जोड धारेखालून सेकंदाला जवळजवळ दहा वेळा जातो. आडवा जोड असेल तर सुरीला दहा टिचक्या बसतात. तिरका असेल तर तोच उंचवटा धारेवरून सरकत जातो आणि हाताला नुसती एक कुजबुज जाणवते. भरड पट्ट्यात याची कुणाला पर्वा नसते. बारीक पट्ट्याचं सारं यश मात्र या जोडावर उभं असतं, आणि विकतचा स्वस्त पट्टा बहुतेक वेळा इथेच फसतो. चांगल्या दाण्यावर जाडजूड जोड मारलेला पट्टा घेण्यापेक्षा एक पायरी भरड, पण सपाट जोडाचा पट्टा घेतलेला बरा.

शेवटचा पट्टा, म्हणजे चामड्याचा, घरीच करावा. तो करणं सोपं आहे आणि त्याला लागणारा उत्तम माल महाराष्ट्रातच आहे. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. क्रोमने कमावलेलं मऊ चामडं ताणलं की लांबत जातं. सालीचं चामडं ताठ राहतं आणि पॉलिश धरून ठेवतं. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि सीमेपलीकडचे कर्नाटकातले चार जिल्हे आले. या भागात चामड्याच्या व्यापाऱ्याकडे दोन मिलिमीटर जाडीची, पाठीच्या कण्याच्या बाजूने कापलेली पट्टी मागावी. पोटाकडचं चामडं सैल असतं, ते नको. दोन्ही टोकं चाळीसेक मिलिमीटर लांबीत तासून कागदासारखी पातळ करायची, चपलांचा रबरी डिंक दोन्हीकडे लावून, सुकू देऊन, एकमेकांवर बसवून हातोडीने ठोकायचं. वर आलेल्या टोकाची दिशा पट्ट्यामागे बाणाने खुणावून ठेवायची. मांजराच्या पाठीवरून हात जातो तसं पातं त्या टोकावरून गेलं पाहिजे. उलटं गेलं तर टोक उचकटतं.

त्यावर हिरव्या पॉलिशची वडी चोळायची. या वडीत क्रोमियम ऑक्साइड असतं, पुष्कळदा ॲल्युमिनाही मिसळलेला असतो, आणि दाणा अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचा. पट्टा हाताने फिरवत किंवा अगदी सावकाश चालवत हलका थर द्यावा. हिरवा चिखल साचेपर्यंत चोळणं हा नवशिक्यांचा नेहमीचा अतिरेक. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठाचे धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होवेन यांनी २००४ मध्ये सुरीच्या धारेवरच्या प्रयोगांचा मोठा अहवाल लिहिला. वेगवेगळ्या दगडांनी आणि चाकांनी लावलेल्या धारा त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. बारीक दगडानंतर क्रोमियम ऑक्साइड लावलेल्या चामड्यावर घेतलेला हात बर काढतो आणि धारेचं टोक आणखी अरुंद करतो, हे त्यात स्वच्छ दिसतं. न्हाव्याच्या हाताला जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, त्याला तिथे छायाचित्राचा पुरावा मिळाला.

चामडं नसेल तर आणखी साधा उपाय आहे. दाणा संपलेला जुना कापडी पट्टा उलटा करून चढवायचा आणि त्याच्या पाठीच्या कापडावर तीच हिरवी वडी चोळायची. फुकटचा, आणि पुष्कळ सुऱ्यांना पुरेसा. काचेच्या कडा पॉलिश करणारे कारागीर कॉर्कचे पट्टे वापरतात. तेही वडी चोळून धारेला चालतात, आणि ते विकणारा दुकानदार सँडिंगच्या गल्लीत नसून काचेच्या बाजारात असतो.

किती बारीक जायचं, यावर जाणकारांत एकमत नाही, आणि ते नसणंच योग्य आहे. टोमॅटोची साल, पावाचा कडक पापुद्रा, मांसाचे तंतू ओढून कापायचे असतात. त्यांना धारेवर सूक्ष्म दाते असलेले चांगले. पी ४०० वर लावून चामड्यावर दोन हात घेतलेली सुरी टोमॅटोत अशी उतरते, की वजनही द्यावं लागत नाही. उलट, लाकूड तासणारी पटाशी, वस्तरा, माशाच्या कातळ्या काढायची लवचिक सुरी यांना ढकलून कापायचं असतं. तिथे दाते अडतात आणि आरशासारखी गुळगुळीत धार लागते. घरच्या सुरीसाठी तीन-चार पट्टे पुरे आहेत: धार पार गेली असेल तर पी १२० आणि त्यानंतर पी ४००, नाहीतर थेट पी ४००, मग पी १२०० किंवा ए १६, शेवटी चामडं. आठ-नऊ पट्ट्यांची शिडी बाळगणारे कारागीर सुंदर पाती करतात, पण भाजी चिरणाऱ्या बाईला त्यातल्या निम्म्या पायऱ्यांचा फरक जाणवणार नाही, आणि प्रत्येक पायरीला पात्याचं थोडं आयुष्य जातं. विळ्याच्या आत वळलेल्या धारेला तर सपाट दगड बसतच नाही. तिथे अर्धा किंवा एक इंची मऊ पट्टा लहान चाकावरून नेला की काम होतं. शेतकऱ्याने यासाठी पी २४० च्या पुढे जायची गरज नाही.

बारीक दाण्याबरोबर वेग कमी व्हायला हवा, हे मात्र सर्वांना मान्य आहे. बारीक दाणा कापतो कमी, घासतो जास्त, म्हणून उष्णता जास्त. साध्या कार्बन स्टीलच्या सुऱ्यांचं टेंपरिंग बहुधा २०० अंश सेल्सियसच्या आगेमागे केलेलं असतं. त्याहून वर तापमान गेलं की पातं मऊ पडू लागतं. २२० च्या सुमाराला पेंढ्यासारखा पिवळा रंग येतो, ३०० ला निळा. पण धारेचं टोक काही मायक्रॉन जाड. तिथे रंग डोळ्याला दिसण्याआधीच नुकसान झालेलं असतं. म्हणून पातं बोटांनी धरून पाहत राहायचं, कोमट लागलं की पाण्यात बुडवायचं. २,८८० फेऱ्यांची मोटर त्याच चाकावर पंधरा मीटर प्रतिसेकंद देते. धारेला ते फार. तीन फेजची मोटर आणि तिचा वेग बदलणारं उपकरण, म्हणजे व्हीएफडी, बसवून पाच मीटरपर्यंत खाली येता आलं तर उत्तम. ते न परवडणाऱ्याने चालक चाक लहान करावं. पन्नास मिलिमीटरच्या चाकावर १,४४० ची मोटर पावणेचार मीटर देते, आणि त्या वेगात घरी जोडलेला पट्टाही सुखाने चालतो.

धारेचं तोंड नेहमी पट्टा जातो त्या दिशेला असावं. भरड पट्ट्यावर काही कारागीर उलट दिशेनेही काम करतात, पण चामड्यावर आणि फिल्मवर ते केलं की पातं पट्ट्यात रुततं, पट्टा कापला जातो आणि सुरी हातातून हिसकली जाते. हातमोजे घालून चालत्या पट्ट्याजवळ जाऊ नये. चष्मा आणि चांगला धूळमास्क दोन्ही लागतात, कारण बारीक पट्ट्याची धूळ डोळ्याला दिसत नाही आणि फुप्फुसात खोल जाते. लाकडाचा भुसा साचलेल्या मशिनवर स्टील घासलं तर ठिणगी त्या भुशात पडते आणि तो तासाभरानेही पेटू शकतो. आधी मशीन झाडून काढावं.

कोकणात आणि घाटमाथ्यावर एक गोष्ट वेगळी सांभाळावी लागते, ती म्हणजे पावसाळा. कापड आणि कागद दमट हवेत ओलावा ओढून घेतात, पट्टा लांबतो, कडेला वळतो, आणि डिंकाचा जोड सैल पडतो. पट्टे खिळ्याला टांगले की खिळ्याच्या जागी कायमची घडी पडते. जाड पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा भिंतीला लावून त्यावर टांगावेत आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत. चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, तो अधूनमधून सावलीत वाळवावा, उन्हात नको. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा चढवलेला कोणताही पट्टा, घरचा असो वा विकतचा, बोटांनी जोडाशी वाकवून पाहावा, आणि मग सुरी न लावता, त्याच्या रेषेतून बाजूला उभं राहून अर्धा मिनिट नुसताच चालू द्यावा. जोडाचा आवाज प्रत्येक फेरीला सारखाच येत असेल तर पट्टा कामाला घ्यावा. बदलत असेल तर मशीन बंद करून तो पुन्हा जोडावा.